पायांसकट

बत्तीस पत्ते. चार रंग: ओकफळ, पान, बदाम, घंटा.
आमच्या या जर्मन जोडात राणी नसतेच.
राजा, त्याखाली वरचा, त्याखाली खालचा,
आणि जिकडेतिकडे मिशा.
आल्टेनबुर्गच्या छापखान्याने काम दिलं ते एवढंच सांगून:
जुनी नाटकं, रंगीत चित्रं, नाताळच्या आत.

मी वाचनालयातून पिशवी भरभरून नाटकं आणली.
सम्राट, कंजूष, संशयी नवरे, दाराआडून ऐकणाऱ्या दाया.
सगळे बोलत होते, दिसत कुणीच नव्हतं.
तीन आठवडे नुसते मुकुट काढत बसले.
मुकुट काढणं सोपं असतं.

मग कुणीतरी म्हणालं, इर्मट्राउटबाईंना भेट.
एकतीस वर्षं रंगमंचाच्या पोटातल्या खोक्यात बसून
त्या नटांना विसरलेले शब्द पुरवायच्या.
आता स्वयंपाकघरात आलुबुखारचा मुरंबा ढवळत होत्या.

"वेड्या राजाचा चेहरा कसा होता?"
"चेहरा? मला कुठला चेहरा दिसायला!
माझे डोळे फळ्यांच्या उंचीला.
उजव्या बुटाला भोक होतं.
वाक्य विसरायच्या जरा आधी
तो अंगठा आत ओढून घ्यायचा.
तेवढ्यावरून मी तयार."
"आणि विष पिणारी सम्राज्ञी?"
"मोज्याला पिवळ्या दोऱ्याने रफू केलेलं.
पडताना आधी टाच, मग गुडघा,
मग माझ्या वहीवर द्राक्षरसाचा शिंतोडा.
आहे अजून. दाखवू?"

त्या रात्री मी राजाला पाय काढले.
बूट, भोक,
अंगठा आत ओढल्याने चामड्यावर पडलेली सुरकुती.

छापखान्यातला यॉर्न बघून हसला.
"पत्त्यातल्या राजाला पाय नसतात गं.
कमरेखाली पुन्हा तोच राजा, उलटा.
नाहीतर कुणी पत्ता फिरवून सरळ केला
की समोरच्याला कळतं, याच्याकडे चित्र आलंय."
बरोबर होतं त्याचं.
त्याच्या पणजोबापासून बरोबर होतं.

मी कात्री कमरेपाशी नेली, आणि थांबले.
एका बाईची एकतीस वर्षं
नेमकी तिथून खाली होती.

शेवटी राजे कापले. वरचेही कापले.
सम्राज्ञीला पानांचा राजा केलं, मिशी दिली नाही.
यॉर्नने काही विचारलं नाही.
पण चार खालचे तेवढे उभे ठेवले, नखशिखांत;
त्यांचं चिन्ह तसंही पायांशीच असतं.
दाई. मशालवाला. आचारी.
आणि घंटेचा खालचा: पाचव्या अंकात धावत येऊन
कुणी मेलं एवढंच सांगणारा,
ज्याला छापील यादीत नाव नसतं.
घोट्यापर्यंत चिखल. तो खरा होता, बाई म्हणाल्या,
प्रवेशाआधी तो मागच्या अंगणात सिगरेट ओढायचा.

नोव्हेंबरात नमुन्याचा जोड घेऊन आम्ही दोघं बाईंकडे.
स्काटला तिघं लागतात.
यॉर्नने बोली घेतली. हातातला एक पत्ता हळूच फिरवला.
बाईंनी पाहिलं.
मीही माझा एक फिरवला, आणि जीभ चावली.
बाईंनी मात्र एकही हलवला नाही.
उलटे पाय त्यांना वाचता येतात.

यॉर्नने ओकफळाचा राजा टाकला, ऐटीत.
त्यावर पडला घंटेचा खालचा,
डोकं खाली, चिखल वर.
खालचे हुकूम असतात, राजाला मारतात.
हा नियम माझा नाही, जुनाच आहे.

माझी पाळी आली. मी अडखळले.
टेबलाच्या कडेवरून, ओठ न हलवता, कुजबूज:
"ओकफळाची दश्शी."

"हे चालत नाही हं," यॉर्न म्हणाला.
"माहीत आहे," बाई म्हणाल्या,
आणि मुरंब्याची बरणी त्याच्याकडे सरकवली.
मी दश्शी टाकली.